अँझॅक बिस्किटं घरी करताना: ओट्स, खोबरं आणि गोल्डन सिरप (पहिल्यांदाच बेकिंग करणाऱ्यांसाठी)

बेकिंग शिकायचंय, सुरुवात कशाने करू असं कोणी विचारलं की मी केक नाही सांगत, अँझॅक बिस्किटं सांगते. फेटायचं काही नाही, लाटायचं काही नाही, साचे नकोत, बीटर नको, अंडं तर नाहीच. एक पातेलं, एक मोठा बाऊल, एक लाकडी चमचा आणि ओव्हन, बास. ओव्हन नसेल तरी मार्ग आहे, तो खाली लिहिलाय. आणि अंडं नाही म्हटल्यावर आपल्याकडच्या कितीतरी घरांत निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. ऑस्ट्रेलियात नवीन आलेली शाकाहारी मंडळी सुपरमार्केटात एकेक पुडा उलटा करून घटक वाचत उभी असतात, त्यांची या बिस्किटाशी ओळख होते ती बहुतेक तिथेच.

ज्यांनी नावही ऐकलं नाही त्यांच्यासाठी: ही ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची घरगुती बिस्किटं. कडेने कुरकुरीत, मध्ये जरा चिवट, रंग खरपूस सोनेरी. अँझॅक (ANZAC) म्हणजे ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड आर्मी कोअर, या दोन देशांच्या सैन्याचं नाव. २५ एप्रिलला इथे अँझॅक डे असतो, १९१५ साली त्या दिवशी या दोन देशांचं सैन्य तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलं त्याची आठवण म्हणून पहाटे अंधारात स्मारकांपाशी लोक जमतात, आणि त्या आठवड्यात घराघरात, शाळाशाळांत ही बिस्किटं होतात. पोरं इथल्या प्रायमरीत असतील तर "आई, उद्या अँझॅक बिस्किट्स न्यायचेत" हे कधी ना कधी ऐकायला मिळणारच आणि ते रात्री साडेआठच्या आधी कधीच ऐकायला मिळत नाही. घाबरू नका, सामान घरात असेल तर तासाभरात होतात.

साहित्य (साधारण २५ बिस्किटं होतात)

रोल्ड ओट्स १ कप, म्हणजे ९० ते १०० ग्रॅम
मैदा १ कप, १५० ग्रॅम
ब्राउन शुगर १५० ग्रॅम (साधी साखर पण चालते)
डेसिकेटेड खोबरं पाऊण कप, ६० ते ६५ ग्रॅम
बटर १२५ ग्रॅम
गोल्डन सिरप ४० मिली, वजनावर ५५ ग्रॅमच्या आसपास
बेकिंग सोडा १ टीस्पून, सपाट, डोंगर नको
उकळतं पाणी ३० मिली
बटर बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ

कप म्हणजे २५० मिलीचा मेजरिंग कप, चहाचा नाही. आणि चमच्यांचं इथे एक लफडं आहे ते आधीच सांगते. ऑस्ट्रेलियन टेबलस्पून २० मिलीचा असतो आणि न्यूझीलंडचा, भारतात मिळणाऱ्या सेटमधला, जवळपास बाकी सगळ्या जगाचा १५ मिलीचा. आता रेसिपीत "२ टेबलस्पून सिरप" लिहिलंय आणि ती रेसिपी ऑस्ट्रेलियन आहे की किवी ते तुम्हाला कळलं नाही तर १० मिलीचा फरक पडतो, आणि या बिस्किटात १० मिली सिरप म्हणजे पसरून पापड होणं किंवा न होणं एवढा फरक. म्हणून मी मिली आणि ग्रॅममध्येच दिलंय. किचनचा वजनकाटा स्वस्तात मिळतो, बेकिंग करायचंच असेल तर बाकी कुठल्याही वस्तूच्या आधी तो घ्या.

आता एकेक गोष्ट.

ओट्स. पाकिटावर "रोल्ड" किंवा "ओल्ड फॅशन्ड" लिहिलेले, मोठ्या चपट्या पाकळ्यांचे हवेत. भारतात जे झटपट शिजणारे ओट्स सगळीकडे मिळतात ते बारीक कापलेले असतात, ते पाणी लगेच शोषतात आणि बिस्किट कमी पसरतं, दातांखाली काही लागत पण नाही. चालतात, नाही असं नाही, पण मग मैदा २ चमचे कमी घ्या. स्टील कट ओट्स नकोत, एवढ्या वेळात ते शिजतच नाहीत, खडे लागतात. आणि मसाला ओट्सबद्दल मी काही बोलत नाही.

खोबरं. डेसिकेटेड म्हणजे बारीक, पांढरं, कोरडं, बिनसाखरेचं. ओला नारळ खवून घालायचा मोह कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांना हमखास होतो (मला माहितीये, घरात नारळ पडलेले असतात), पण त्यात पाणी इतकं असतं की बिस्किट वाफवल्यासारखं होतं, कुरकुरीतपणा येतच नाही आणि टिकत तर अजिबात नाही. ओलाच वापरायचा असेल तर मंद आचेवर पूर्ण कोरडा होईपर्यंत परता, रंग बदलायच्या आत उतरवा, गार करा आणि मग मोजा. सुक्या खोबऱ्याच्या वाटीचा कीस छान लागतो, फक्त त्यात तेल जास्त असतं आणि वाटी जुनी असेल तर खवट वास आख्ख्या घाण्याला लागतो, म्हणून आधी तुकडा तोंडात टाकून बघा.

बटर. मीठवालं पिवळं बटर असेल तर वरून मीठ नको. मार्जरीन नको प्लीज. तूप घालू का, हा प्रश्न येतोच. बटरमध्ये साधारण ८० टक्के फॅट आणि बाकी बरंचसं पाणी, तुपात जवळजवळ सगळं फॅटच. म्हणून १२५ ग्रॅम बटरच्या जागी १०० ग्रॅम तूप आणि पाणी एक मोठा चमचा जास्त. बिस्किटं खुसखुशीत होतात, चव नानकटाईकडे झुकते, वाईट काहीच नाही, फक्त मग ती अँझॅकची चव राहत नाही एवढंच.

साखरेचं फार काही नाही. ब्राउन घेतली तर जास्त चिवट, पांढरी घेतली तर जास्त कुरकुरीत. जाडी दाणेदार साखर असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या, पिठी करू नका.

आणि आता गोल्डन सिरप, कारण खरं बिस्किट यातच आहे. ऊसाच्या साखरेच्या शुद्धीकरणातून निघणारा हा दाट सोनेरी पाक, मधासारखा दिसतो पण चव टॉफीची. इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात तो डब्यातून विकायला लागले, आणि ऑकलंडला चेल्सी नावाचा साखर शुद्ध करायचा कारखाना १८८४ पासून आहे, न्यूझीलंडच्या किचनमध्ये आजही त्यांचंच सिरप असतं. यातली बरीचशी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेली असते. अशी फुटलेली साखर परत दाणे धरत नाही आणि हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून बिस्किट मध्ये चिवट राहतं आणि दगड होत नाही. अंडं नसताना सगळं एकत्र धरून ठेवायचं काम पण हेच करतं.

भारतात काही मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतं, महाग पडतं. मग पर्याय काय? माझं मत विचाराल तर काकवी. कोल्हापूर-सांगलीकडच्या गुऱ्हाळावरची चांगली काकवी असेल तर तेवढीच ४० मिली घ्या, बिस्किटाचा रंग गडद येईल, चव गुळाची येईल, आणि पोत मात्र अगदी हवा तसाच येईल. पातळ काकवी असेल तर उकळतं पाणी ३० ऐवजी २० मिली. मध मला यात आवडत नाही, लवकर करपतो आणि चवीत तोच पुढे पुढे करतो. मॅपल सिरप पातळ आणि त्या पैशात गोल्डन सिरपची बाटली येईल.

घरी पण करता येतं. ५० ग्रॅम साखर आणि २ चमचे पाणी जाड बुडाच्या पातेल्यात तापवा, गडद तांबूस होईपर्यंत, काळं नाही. मग गॅस बंद करून लांब उभं राहून हळूहळू १५० मिली उकळतं पाणी घाला, उडतं, हातावर आलं तर चांगलं भाजतं त्यामुळे मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. त्यात २५० ग्रॅम साखर आणि लिंबाची एक जाड चकती टाकून अगदी मंद आचेवर अर्धा तास ठेवा, ढवळायचं नाही. गार ताटलीवर थेंब टाकला की मधाएवढा दाट वाटला पाहिजे. लिंबू कशाला, तर त्याच्या आंबटपणामुळेच साखर फुटते, ते विसरलात तर दोन दिवसांनी बाटलीत खडीसाखर मिळेल.

कृती

१. ओव्हन १६० डिग्रीला लावा, फॅनवाला असेल तर १५०. पहिल्यांदा हेच, कारण नंतर मिश्रण तयार होऊन बसतं आणि ओव्हन गारच असतो. दोन ट्रेला बटर पेपर लावा. रॅक मधल्या खणात.

२. मोठ्या बाऊलमध्ये ओट्स, मैदा, साखर, खोबरं, मीठ असेल तर मीठ, सगळं एकत्र करा. मैदा चाळला नाही तरी चालेल, साखरेच्या गुठळ्या मात्र बोटांनी फोडा, त्या बिस्किटात वितळून भोकं पडतात. मध्ये खड्डा करून ठेवा.

३. पातेल्यात बटर आणि सिरप घालून मंद आचेवर फक्त वितळवा. उकळायचं नाही, पाक करायचा नाही. पातेलं वाटतं त्यापेक्षा मोठं घ्या, का ते पुढच्या पायरीत.

४. वाटीत सोडा घ्या, त्यावर उकळतं पाणी ओता, ढवळा आणि लगेच बटरच्या पातेल्यात घाला. फस्सकन फेस येऊन वर चढतो, छोटं पातेलं असेल तर शेगडीवर. पोरांना हीच पायरी सगळ्यात आवडते. हा फेस म्हणजे सोडा उष्णतेने आणि सिरपच्या किंचित आंबटपणाने फुटतोय, त्यातून गॅस निघतो. तो निघून गेला तर उपयोग काय असं वाटेल, पण सोड्याचं खरं काम इथे फुगवणं एवढंच नाहीये, मिश्रण अल्कधर्मी होतं आणि त्यामुळे बिस्किटं पसरतात आणि तो खरपूस रंग येतो. म्हणूनच बेकिंग पावडर बदली म्हणून चालत नाही. इनो पण नाही, त्यात आंबट आधीच मिसळलेलं असतं, सगळा खेळ वाटीतच संपतो.

५. फेस आहे तोवरच बाऊलमधल्या खड्ड्यात ओता आणि लाकडी चमच्याने कालवा, कोरडं पीठ तळाला राहत नाही ना ते बघा. पाच मिनिटं तसंच राहू द्या, ओट्स जरा ओलं शोषून घेतात आणि हाताला चिकटणं कमी होतं.

६. आता गोळे. रव्याचा लाडू वळताना मुठीत दाबून वळतो तसं हे मिश्रण पण दाबूनच वळावं लागतं, नुसतं तळव्यावर फिरवलं तर सुटतं. एकेक गोळा २५ ग्रॅमचा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा लहानच. ट्रेवर दोन गोळ्यांत ५ सेंटिमीटर तरी अंतर ठेवा आणि बोटांनी वरून जरासंच चपटं करा. गोळा वळतच नाही, भुगा होतोय? एक छोटा चमचा गरम पाणी. फार ओलं वाटतंय? अजून दहा मिनिटं थांबा, पीठ घालायची घाई करू नका.

७. सगळा ट्रे घालायच्या आधी एकच गोळा भाजून बघा. खरंच. नवीन ओव्हन, नवीन ओट्स, घरची काकवी, काहीही वेगळं असेल तर त्या एका बिस्किटाने सगळं कळतं. पसरून पातळ झालं तर मिश्रणात २ चमचे मैदा, पसरलंच नाही तर चमचाभर पाणी आणि गोळा जास्त चपटा.

८. भाजायला १२ ते १५ मिनिटं. निम्म्या वेळात ट्रे फिरवा, बहुतेक सगळ्या घरगुती ओव्हनची मागची बाजू जास्त गरम असते. कडा गडद सोनेरी आणि मधला भाग फिकट असतानाच काढा. बोट लावलं तर मऊ लागेल, कच्चं आहे असं वाटेल, परत आत ढकलावंसं वाटेल. ढकलू नका! साखर आणि सिरप गरम असताना पातळच असतात, गार होताना घट्ट होतात. ओव्हनमध्ये असतानाच कडक लागलं तर बाहेर येऊन ते दाताला हलणार नाही.

९. ट्रेवरच पाच मिनिटं राहू द्या, लगेच उचललं तर मोडतं. मग जाळीवर. जाळी नसेल तर चाळण उलटी करून. पूर्ण गार व्हायला अर्धा तास, आणि चव बघायची ती गार झाल्यावर, गरम असताना सगळीच बिस्किटं मऊ असतात त्यावरून काही ठरवू नका. दुसरा घाणा त्याच गरम ट्रेवर टाकू नका, गोळे भाजायच्या आधीच वितळून पसरतात.

बिस्किटं आत आहेत तोवर इतिहास

सगळीकडे गोष्ट अशी सांगतात की बायका-आयांनी ही बिस्किटं करून गॅलिपोलीच्या खंदकात सैनिकांना पाठवली, अंडी नव्हती म्हणून बोटीच्या लांब प्रवासात टिकली. छान गोष्ट आहे, शाळेत पण हीच सांगतात. पण गॅलिपोलीला ही गोड बिस्किटं पोचल्याचा फारसा पुरावा नाही. सैनिकांना जे बिस्किट मिळायचं ते वेगळंच, पीठ-पाण्याचं रेशनचं कडक बिस्किट, इतकं कडक की त्याला अँझॅक टाइल म्हणायचे, म्हणजे फरशी. ते किसून किंवा कुटून पाण्यात शिजवून लापशी करून खायचे. ओट्सची गोड बिस्किटं इकडे मायदेशात होत होती, जत्रा-मेळ्यांत विकून युद्धासाठी निधी जमवत.

अँझॅक हे नाव ओट्स-सिरपच्या बिस्किटाला नक्की कधी चिकटलं यावर ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडर अजूनही एकमेकांशी भांडतात. न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये पहिलं महायुद्ध संपल्यावर छापलेल्या पाककृतींच्या एका पुस्तकात "अँझॅक क्रिस्पीज" आहेत. डनेडिन हे स्कॉटिश लोकांनी वसवलेलं शहर, त्यामुळे ओट्स तिथे घरचेच. गंमत म्हणजे सुरुवातीच्या पाककृतींत खोबरं नाहीच, ते नंतर आलं. तेव्हा कोणी "खोबऱ्याशिवाय ते खरं अँझॅक नाही" म्हणालं तर शांतपणे चहा प्या.

गॅलिपोलीला भारतीय होते हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. शीख आणि गुरखा पलटणींची २९ वी इंडियन ब्रिगेड होती, डोंगरी तोफखान्याच्या दोन भारतीय बॅटऱ्या तर अँझॅक सैन्याबरोबरच उतरल्या, आणि त्या उभ्या कड्यांवर पाणी, अन्न, दारूगोळा वाहून नेणारी खेचरं हाकणारी माणसं पण भारतीय. मुलांच्या शाळेत अँझॅक डेचा प्रोजेक्ट असेल तर हे जरूर सांगायला लावा.

अजून एक, विकणाऱ्यांसाठी. ऑस्ट्रेलियात अँझॅक हा शब्द १९२१ च्या नियमांनुसार कायद्याने राखीव आहे, धंद्यासाठी वापरायचा तर सरकारची परवानगी लागते. बिस्किटांना सूट मिळते, पण अट अशी की पाककृती मूळचीच पाहिजे आणि त्यांना कुकी म्हणायचं नाही. घरी चॉकलेट चिप्स घाला, बदाम घाला, वेलची घाला, कोण बघतंय, पण स्टॉल लावून विकणार असाल तर त्याला दुसरं नाव द्या.

चिवट की कुरकुरीत

यावरून घरं फुटतात. चिवट हवं असेल तर ब्राउन शुगर, गोळा जाड, १६० ला १२ मिनिटं. कुरकुरीत हवं तर पांढरी साखर, गोळा चांगला चपटा, ओव्हन १५० वर आणून १८ ते २० मिनिटं, म्हणजे करपायच्या आत आतलं पाणी निघून जातं. एकाच मिश्रणातून दोन्ही करायची असतील तर पहिला ट्रे लवकर काढा आणि दुसरा जास्त ठेवा, दोन्ही पार्ट्या खूष. मी चिवटवाली, आमच्या घरात मी अल्पमतात आहे.

काही बिघडलं तर

सगळी एकमेकांना चिकटून एकच चादर झाली: सिरप किंवा बटर जास्त पडलं, नाहीतर ओव्हन पुरेसा तापला नव्हता. गरम असतानाच सुरीने चौकोन कापा, कोणाला कळणार नाही.

गोळ्याचे गोळेच राहिले: मैदा दाबून भरून मोजला. कपात मैदा चमच्याने भरायचा आणि वरून सुरीने सपाट करायचा, कप पिठात खुपसायचा नाही. आणि हो, कणकेने पण असंच होतं, कणीक पाणी जास्त पिते. कणीक वापरायची तर निम्मी निम्मी आणि पाणी चमचाभर जास्त.

साबणासारखी कडवट चव: सोडा जास्त झाला किंवा नीट विरघळला नाही.

खालून काळी, वरून पांढरी: ट्रे पातळ आहे किंवा रॅक फार खाली आहे. एक खण वर घ्या आणि दोन ट्रे एकावर एक ठेवून भाजा.

ओव्हन नसेल तर

ओटीजी असेल तर तो ओव्हनच झाला, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटं आधी तापवा, आणि त्याच्या बटणावरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका, छोटे ओटीजी आकड्यापेक्षा बरेच जास्त तापतात, दहाव्या मिनिटापासून काचेतून बघत राहा. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन मोड असेल तरच, आधी तापवून, लहान स्टँडवर. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर हे होत नाही.

दोन्ही नसेल तर जाड बुडाची कढई. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड, झाकण ठेवून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. ताटलीला बटर पेपर लावून त्यावर चार-पाचच गोळे ठेवा, जास्त कोंबू नका, झाकण घट्ट आणि आच मंद. १५ ते २० मिनिटं लागतात, मधे मधे झाकण उघडून उष्णता घालवू नका, पहिल्यांदा बाराव्या मिनिटाला बघा. वरून ओव्हनसारखा रंग येत नाही कारण उष्णता खालूनच येते, त्यामुळे रंगाची वाट बघत बसलात तर खालची बाजू करपेल, कडा घट्ट वाटल्या की काढा. कुकरमध्ये पण असंच, शिट्टी आणि रबर रिंग दोन्ही काढून, पाणी न घालता. ते मीठ स्वयंपाकात परत वापरू नका, गार करून बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळी तेच.

साठवण

पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, वाफ धरली की सगळी मऊ. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर आरामात राहतात, तेवढी उरली तर. चिवट आणि कुरकुरीत एकाच डब्यात ठेवू नका, दुसऱ्या दिवशी सगळीच चिवट होतात. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात सिरप हवेतलं पाणी ओढणारच, मऊ पडली तर १५० डिग्रीवर पाच मिनिटं ठेवून गार करा, परत कुरकुरीत.

सगळी एकदम भाजायची नसतील तर वळलेले गोळे ताटलीवर फ्रीझरमध्ये कडक करून मग पिशवीत भरा. भाजताना बाहेर काढून अर्धा तास ठेवा म्हणजे चपटे करता येतात, आणि २-३ मिनिटं जास्त द्या. ओट्स असले तरी ही बिस्किटं ग्लुटेनफ्री नाहीत, मैदा आहे त्यात, शाळेत वाटायला देणार असाल तर चिठ्ठीवर मैदा, ओट्स, बटर आणि खोबरं स्पष्ट लिहा. आणि हॉस्टेलवर पार्सल पाठवणार असाल तर कुरकुरीतवालीच करा, थरामध्ये बटर पेपर, वरची रिकामी जागा कागदाचे बोळे घालून भरा म्हणजे डब्यात हलत नाहीत.